मौनाचं जेवण

"ह्या विमलला सांग, त्या मशीनला एवढी टेकून बसू नको म्हणावं. ओल धरेल पाठ," माई म्हणाल्या.

तळघरात आम्ही तिघी बसलो होतो. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, पालथ्या बादलीवर. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. आणि विल्मा खाली फरशीवर, कपडे धुण्याच्या मशीनला पाठ लावून. वर गावाचा भोंगा एकसारखा वाजत होता.

"काय म्हणतायत मिस माई?" विल्माने विचारलं.

"पाठीला ओल लागेल म्हणतात."

"त्यांना सांग, ही पाठ अडतीस वर्षं गिरणीत गालिचे उचलत होती. ओल हिला घाबरून असते."

मी मराठीत सांगितलं. माई तोंडाला पदर लावून हसल्या. "बाई मोकळी आहे. मला आवडते," म्हणाल्या. विल्मा हे नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून अमेरिकेत आल्या दिवसापासून त्यांनी तिची विमल करून टाकली होती. विल्माला माझं प्रमिला हे नाव झेपायचं नाही. ती मला पॅमी म्हणायची. अशा आम्ही तिघी.

ही गोष्ट जॉर्जिया राज्याच्या उत्तरेकडच्या डोंगरातली. लहानसं गाव, गालिच्यांच्या गिरण्यांवर जगणारं. आमचे हे इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात वाढलेले, त्या शिदोरीवर इथल्या गिरणीत इंजिनिअर झाले. आता ह्या गोष्टीला वीस-बावीस वर्षं होऊन गेली. तेव्हा फोन भिंतीवरचे असत.

आमचं घर टेकडीच्या उतारावर होतं आणि त्याला तळघर होतं. विल्मा खाली माळावर, ओढ्याच्या अलीकडे राहायची. तिचं घर म्हणजे चाकांवरून आणून सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलेला पत्र्याचा लांबट डबा. त्याला तिकडे ट्रेलर म्हणतात. वादळाचा भोंगा झाला की ट्रेलरमध्ये थांबायचं नसतं, हे तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. म्हणून आमचं ठरलेलं होतं. भोंगा झाला की तिने फोन करायचा, मी 'ये' म्हणायचं, आणि तिने पायवाटेने वर यायचं. चार मिनिटांची चढण. दार उघडंच असतं, फोन कशाला करतेस, असं मी तिला कितीदा म्हटलं. पण विचारल्याशिवाय कुणाच्या दारात पाऊल टाकायचं नाही, हा तिचा बाणा होता.

त्या दिवशीचा हा दुसरा भोंगा, दुपारी एकचा. पहिला सकाळी अकराला झाला होता. दोन्ही वेळा तिने फोन केला, दोन्ही वेळा मी 'ये' म्हटलं.

"तुझं जेवण राहिलं ना माझ्या पायी?" विल्मा म्हणाली. येता येता तिने ओट्यावर झाकून ठेवलेलं ताट पाहिलं होतं.

"अजून पहिला घास घेतला नव्हता. चालतं."

"आणि घेतला असता तर?"

"मग बोललं की ताट सोडायचं."

"मग जेवायचं कधी?"

"दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे उद्या."

"उद्या एकादशी आहे."

एकादशी म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमच्या देवाला दया नाही का गं?"

"काय म्हणते?" माईंनी विचारलं.

"देवाला दया नाही का, विचारते."

"आहे म्हणावं. म्हणून तर एक वेळचं देतो."

लग्न झालं त्या वर्षीच्या चातुर्मासात माईंनीच मला हा नेम दिला होता. दिवसातून एकदाच जेवायचं, आणि जेवताना बोलायचं नाही. नेम चार महिन्यांचा, पण उद्यापन करायचं राहून गेलं, आणि मग तो माझ्या अंगवळणीच पडला. परदेशात आले तरी सोडला नाही. विल्माला त्याचं भारी नवल. जेवताना तिचा फोन आला तर मी डाव्या हाताने उचलून चमच्याने दोनदा टकटक करायची. म्हणजे, घरात आहे, जेवतेय. ती खुदकन हसून ठेवून द्यायची.

भोंगा थांबला. वादळाचा भोवरा काही आला नाही, गारा मात्र सुपारीएवढ्या पडल्या. वर येऊन बघते तर स्वयंपाकघराची खिडकी फुटलेली आणि काचा भातात. विल्मा चुकचुकली. काचा वेचू लागली, माईंनी तिच्या हातून केरसुणी काढून घेतली. जाताना ती दारात थांबली.

"आता काय खाशील?"

"पुन्हा करीन काहीतरी."

"ट्रेलरमध्ये मक्याची पोळी आहे. पाठवू?"

"नको गं. आमचं सोवळं."

"तुमचं सोवळं," ती म्हणाली आणि मान हलवत उतारावरून गेली.

वीज गेली होती, चूल विजेची. साडेतीनला ह्यांचा गिरणीतून फोन आला.

"रेडिओ ऐकलास का?"

"वीज नाही."

"अलाबामात गावंच्या गावं गेलीत. एक नाही, दहा-बारा भोवरे फिरतायत म्हणे. संध्याकाळपर्यंत आपल्याकडे येतील. आईला घेऊन तळघरात बस."

"दोनदा बसून आलो."

"तिसऱ्यांदा बस. आणि विल्माला बोलावून घे."

"ती फोन करतेच."

"तू कर आपणहून."

"बरं," मी म्हटलं. पण तेवढ्यात वीज आली, आणि मी आधी खिचडी टाकली.

ताट वाढलं तेव्हा पाच वाजून गेले होते. आदल्या दिवशी दुपारी जेवले होते, त्यानंतर पोटात फक्त पाणी. फुटलेल्या खिडकीला माईंनी जुनं लुगडं अडकवलं होतं, ते आत-बाहेर होत होतं. बाहेरचा उजेड शेवाळलेल्या पाण्यासारखा झाला होता. पाखरू ओरडत नव्हतं. मी नमस्कार केला, पहिला घास घेतला.

भोंगा वाजायला लागला.

"पुन्हा बोंबलला मेला," माई म्हणाल्या. उठल्या, माझ्या ताटाकडे पाहिलं. "संपव आधी. सकाळपासून वाजतोच आहे. चार घासांनी काय होतंय."

मी दुसरा घास घेतला. फोन वाजला.

"वाजू दे," माई म्हणाल्या.

खुर्चीवरून हात पोचत होता. डाव्या हाताने उचलला.

"पॅमी? घरात आहेस ना? ऐकलंस ना भोंगा? येऊ का मी?"

उजवा हात खिचडीत होता. रिसीव्हर मानेत धरून मी डाव्या हाताने चमचा घेतला, दोनदा टकटक केली.

मग ती हसली.

"जेवतेयस होय. अगं बाई, एकदाची बसलीस म्हणायची. जेव, हनी, सावकाश जेव. मी तुला तिसऱ्यांदा उठवणार नाही. झालं की तूच फोन कर. मी बूट घालून बसते."

तिने ठेवला. मीही ठेवला.

ताट अर्ध्याहून जास्त संपलं असेल. पुढचा घास हातात होता, तेव्हा दिवा गेला. कानात दडे बसले, घाटात बसतात तसे. मग आवाज आला. इचलकरंजीत पहाटे पाळी सुरू होताना एका गल्लीतले सगळे माग एकदम धडधडतात. तसे हजार माग, आणि ते आपल्याच दिशेने चालत येतायत. मी उठले. ताट सुटलं होतं, आता बोलायला मोकळी होते. खरकट्या हाताने फोन उचलला. कानाला लावला तर आत काही नव्हतं, साधी खरखरसुद्धा नाही.

"प्रमिला," माई म्हणाल्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला जिन्याकडे ओढलं. सत्तरीच्या बाईत एवढा जोर कुठून आला, देव जाणे. जिन्यात असतानाच वर छप्पर निघालं. लाकडातले खिळे उपसताना होतो तसा लांबलचक आवाज. आम्ही मशीनमागे पडून राहिलो. माई रामरक्षा म्हणत होत्या. मला एकही ओळ आठवेना.

सगळं मिळून दोन मिनिटं.

वर आलो तेव्हा स्वयंपाकघरातून आभाळ दिसत होतं. माळाकडे बघितलं. विल्माच्या ट्रेलरच्या जागी सिमेंटचे आठ ठोकळे होते आणि दारापुढच्या तीन पायऱ्या. वरच्या पायरीवर तिचं पायपुसणं जिथल्या तिथे होतं. झाडांखाली अडकलेले रस्ते पायी तुडवत हे दिवेलागणीला घरी आले, तोवर मी त्या माळावर हाका मारत फिरत होते. आयुष्यात एवढ्या मोठ्याने मी कधी बोलले नसेन.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली, ओढ्यापलीकडच्या झाडीत. पायात बूट होते.

आमच्या गावातली अकरा माणसं गेली. त्या एका दिवसात तीन राज्यांत किती गेली, ते रेडिओ रोज नव्याने सांगायचा. आकडा वाढला की मला वाटायचं, विल्मा त्यात बुडून जातेय, आणि त्याचं बरंही वाटायचं.

तिसऱ्या दिवशी तिची मुलगी आली. शेरिल. चाळिशीची, शहरात नर्स होती. आमच्या छपरावर निळी ताडपत्री होती, घरात सगळं निळसर दिसत होतं. ती खुर्चीच्या टोकावर बसली. माई समोर माळ घेऊन बसल्या होत्या.

"तुम्ही आईला फार सांभाळलंत," शेरिल म्हणाली. "मला एकच विचारायचंय. त्या शेवटच्या भोंग्याला तिने फोन केला होता का तुला?"

मी नाही अशी मान हलवली. "फोन बंद पडले होते," म्हटलं.

ते अगदीच खोटं नव्हतं. पडले होते. फक्त दहा मिनिटं मागेपुढे.

तिला रडू फुटलं. "सकाळी मी तिच्यावर ओरडले होते," ती म्हणाली. "पहिल्या भोंग्यानंतर तिने मला फोन केला, मी कामात होते. म्हटलं, सारखी सारखी त्या लोकांच्या दारात जाऊ नकोस. त्यांनाही त्यांचा संसार आहे. एक वाजता ती तरीही आली ना तुमच्याकडे?"

"आली होती."

"आणि पाचला नाही आली. तेव्हा माझं बोलणं आठवलं असणार. जन्मात कधी माझं ऐकलं नाही तिने. ऐकलं ते नेमकं हे."

मी चहा करते म्हणाले. तिला नको होता. उठताना तिने माईंचे हात हातात घेतले आणि माईंनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. शेरिलला त्याचा अर्थ कळला नसेल, पण ती तशीच वाकून राहिली.

ती गेल्यावर माईंनी माळ खाली ठेवली.

"फोनचं विचारत होती ना?"

"हो."

"आणि तू मान हलवलीस."

मी शेरिलची खुर्ची जागेवर सरकवली.

"इंग्रजी मला येत नाही. मान हलवलेली कळते. आणखी काय म्हणाली ती? रडत कशाला होती एवढी?"

मी सांगितलं. त्या ऐकत राहिल्या.

"म्हणजे ती आता जन्मभर स्वतःला खाणार," माई म्हणाल्या. "प्रमिला, दोष द्यायचा तर मला दे. नेम मी घातला तुझ्या गळ्यात. संपव आधी, असं मीच म्हणाले. फोन वाजू दे, हेही मीच म्हणाले. उद्यापन करून टाकू आपण. मौनाच्या उद्यापनाला देवळात घंटा देतात. इथे देऊळ नाही, विमलच्या चर्चला देऊ. देवाला काय, इथे वाजली काय आणि तिथे वाजली काय. मग तू मोकळी."

"माई, नेम आडवा आला नव्हता."

"मग काय आलं?"

"भूक लागली होती मला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"तिचा आवाज ऐकला आणि पहिलं मनात आलं, झालं, आता ही येणार, तासभर बोलत बसणार, माझं ताट जाणार, आणि उद्या एकादशी. नेमाची आठवणसुद्धा नव्हती हो. ती जेव म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं. सुटले असं वाटलं. खिचडीला मीठ कमी पडलं होतं, ते मला कळत होतं. भोंगा वाजतोय, तेही कळत होतं."

बाहेर ताडपत्री फडफडत होती. माईंनी माळ उचलली, पुन्हा ठेवली.

"मग घंटा नको," त्या म्हणाल्या. "त्या पोरीकडे जा."

"काय सांगू तिला?"

"मला सांगितलंस तेच. भुकेचंसुद्धा. नेमाचं नाव पुढे करू नकोस. लोक नेमाला काही म्हणत नाहीत, ऐकून गप्प बसतात. तसं तिला गप्प बसवू नकोस."

"तिने मला हाकलून दिलं तर?"

"तर यायचं परत. घर आहे की."

ह्यांना मी दुसऱ्या दिवशी गाडीत सांगितलं, चर्चकडे जाताना. ह्यांनी गाडी चालवत ऐकलं. "मी तुला म्हटलं होतं, आपणहून फोन कर," एवढंच म्हणाले, आणि लगेच, "नको, मला हे बोलायला नको होतं," असंही म्हणाले. चर्चच्या अंगणात त्यांनी गाडी लावली. "मी येऊ आत?" विचारलं. मी नको म्हटलं.

चर्चच्या मागच्या दालनात लांब टेबलं मांडली होती. वादळाने घरांतून उचलून नेलेले फोटो कोसा-कोसावरच्या शेतांत, कुंपणांवर सापडत होते, आणि लोक ते आणून तिथे मांडून ठेवत होते. ज्याचा असेल त्याने ओळखून न्यावा. लग्नं, वाढदिवस, शाळेतली पोरं, सगळी चिखलाने माखलेली. शेरिल शेवटच्या टेबलाशी उभी होती. तिच्यापुढे बाजूला काढलेले दोनच फोटो होते.

"पॅमी," ती म्हणाली. तिची आई म्हणायची तसं.

"मी तुझ्याशी खोटं बोलले," मी म्हटलं. मी मुळातच हळू बोलते, आणि तिथे बरीच माणसं होती, त्यामुळे ते तिला ऐकू गेलं नाही. मला पुन्हा म्हणावं लागलं.

तिने हातातला फोटो खाली ठेवला.

"फोन आला होता. भोंगा सुरू झाल्यावर लगेच. तिने विचारलं, येऊ का."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काही नाही म्हटलं. मी जेवत होते. चमचा वाजवला. ती म्हणाली, सावकाश जेव, तुला तिसऱ्यांदा उठवणार नाही. झालं की तूच फोन कर."

शेरिलचा चेहरा हलला नाही. "तुझं ते मौनाचं," ती म्हणाली. "आई सांगायची. तिला फार कौतुक होतं त्याचं. बोलायचंच नसतं ना तुला तेव्हा?"

ती मला वाट करून देत होती. मला ते कळलं. त्या वाटेने मी सहज बाहेर पडले असते, आणि तिनेही मला जाऊ दिलं असतं.

"बोलता आलं असतं," मी म्हटलं. "एक शब्द लागला असता. मला भूक लागली होती, शेरिल. मी जेवत राहिले."

शेजारच्या टेबलाशी एक म्हातारा गृहस्थ भिंगातून फोटो बघत होता. त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"घाबरली होती का ती?"

"नाही. हसली. बूट घालून बसते म्हणाली."

"बूट," शेरिल म्हणाली. मग तिने टेबलाची कड धरली. "म्हणजे माझं ऐकून ती घरात थांबली नव्हती."

"नाही. तुझं तिने काहीच ऐकलं नव्हतं. ती यायला तयार होऊनच बसली होती."

ती खुर्चीवर बसली. दोन्ही तळवे तोंडावर धरले आणि रडायला लागली. आमच्या घरी रडली होती तशी नाही, लहान मूल दमून घरी आल्यावर रडतं तशी. कुणी बाई लगबगीने पाण्याचा पेला घेऊन आली, माझ्याकडे बघून काय झालं असं खुणेने विचारलं. पेला टेबलावर ठेवून ती गेली.

मी तिथेच उभी राहिले. शेरिलने मला बस म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.